शेअर सोसायटीचा, शेअर बँकेचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या वडगावात माझी पिठाची गिरणी आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, विणकामाच्या मागावर होते. ते गेल्यावर माग विकला आणि गिरणी ठेवली. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ दळण चालतं. जोंधळा, गहू, सणासुदीला आंबोळीचं पीठ. पाळी येईपर्यंत माणसं बाहेरच्या कट्ट्यावर बसतात आणि बोलतात. पूर्वी बोलणं पावसाचं, मजुरीचं आणि सीमाप्रश्नाचं असायचं. आता त्यात बँकेच्या शेअरचं बोलणं रोज असतं. शिंपीमामांकडे आहेत, पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड शाळेच्या निवृत्त बाईंकडे आहेत, उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या दोघा पोरांकडे आहेत, माझ्याकडेही आहेत. कुणाकडेच लाखांचे नाहीत. पन्नास, शंभर, दोनशे शेअर, एवढंच.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. ते शेवटी लिहिते, कारण ते का मागते आहे हे आधी कळायला हवं.

आमच्या भागात बायकांना ‘शेअर’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत. कर्ज काढायला गेलं की कर्जातून शेअरचे पैसे कापतात, हातात सर्टिफिकेट देतात. शंभरचा शेअर शंभरचाच राहतो. वर्षातून एकदा वार्षिक सभा होते, अहवालाचं पुस्तक मिळतं, दहा-बारा टक्के डिव्हिडंड जाहीर होतो, एखाद्या वर्षी स्टीलचा डबा मिळतो. सभासदत्व सोडलं की शेअरची रक्कम परत मिळते, निदान मिळावी अशी अपेक्षा असते. पन्नास वर्षं हाच शेअर बघितलेल्या माणसाच्या मोबाईलवर पोरानं डिमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडून दिलं आणि ‘बँकेचे शेअर घे’ म्हणून सांगितलं, तर त्याच्या मनात काय येणार? सोसायटी लहान, बँक मोठी, तेव्हा बँकेचा शेअर त्याहून पक्का. हा समज मी रोज ऐकते. शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकते.

आमच्याकडच्या बँकांचा इतिहास बघितला तर हा समज टिकत नाही. बेळगाव बँक नावाची बँकच होती, सत्तरच्या दशकात ती युनियन बँकेत विलीन झाली. सांगली बँकेत आमच्याकडच्या कितीतरी लोकांची खाती होती. ती २००७ साली आयसीआयसीआय बँकेत गेली आणि सांगली बँकेच्या ९२५ शेअरमागे आयसीआयसीआयचे १०० मिळाले. सातारच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २००६ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये गेली आणि शेअरधारकांना एका शेअरला २८ रुपये रोख मिळाले. तिकडे तमिळनाडूतल्या लक्ष्मी विलास बँकेवर १७ नोव्हेंबर २०२० ला निर्बंध आले आणि दहा दिवसांत ती डीबीएस बँकेत गेली. तिच्या शेअरधारकांना काहीच मिळालं नाही. शेअर भांडवल पूर्ण पुसलं गेलं.

म्हणजे एकाला दुसऱ्या चांगल्या बँकेचे शेअर, एकाला रोख पैसे, एकाला शून्य. ठेवीदार मात्र तिन्ही वेळा सुखरूप राहिला, त्याचं पासबुक नव्या बँकेत चालू झालं. येस बँकेचंही तसंच. ५ मार्च २०२० ला पन्नास हजारांच्या वर पैसे काढता येणार नाहीत असं जाहीर झालं, तेव्हा एटीएमसमोर रांगा लागल्या. १८ मार्चला निर्बंध उठले आणि ठेवी मोकळ्या झाल्या. पण ज्यांच्याकडे शंभरपेक्षा जास्त शेअर होते त्यांचे चारातले तीन शेअर तीन वर्षांसाठी गोठवले. २०१८ मध्ये जो शेअर चारशेच्या आसपास होता, तोच स्टेट बँकेनं बँक वाचवताना दहा रुपयांना घेतला. बँक वाचली आणि शेअरवाला बुडाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ठेवीदाराचं बँक देणं लागते. शेअरवाला मालक असतो आणि मालकाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. एवढं एक वाक्य आमच्या कट्ट्यावर मला वीसदा समजावून सांगावं लागलं.

आता सोसायटीची दुसरी बाजू, कारण तीही तितकीच महत्त्वाची आहे. पिग्मी हा शब्द आमच्याकडे पोरालाही माहीत आहे. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं पिग्मी सुरू केली. रोज दोन आणे, एजंट दारात येऊन घेऊन जायचा. पुढे तीच पद्धत सोसायट्यांनी उचलली. मीही आठ वर्षं एका सोसायटीत पिग्मी भरली. रोज संध्याकाळी गल्ल्यातून पन्नास रुपये बाजूला काढायचे, पोरगा यायचा, कार्डावर सही करायचा. ती सोसायटी बंद पडली. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. माझे चौऱ्याऐंशी हजार अडकले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एक लाखाचा पाच लाख झाला आणि सहकारी बँकांनाही तो लागू आहे. सोसायटीला तो नाही. हे मला पैसे अडकल्यावर कळलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना अजूनही माहीत नाही. त्यांना ‘सहकारी बँक’ आणि ‘सहकारी सोसायटी’ या दोन पाट्या सारख्याच दिसतात.

म्हणजे आमच्याकडे उलटं झालं आहे. जिथं ठेवीला विमा नाही तिथं माणसं डोळे झाकून ठेव ठेवतात, आणि जिथं भाव रोज हलतो तिथं ठेव ठेवल्यासारखे शेअर घेऊन बसतात.

मालकांनी १९९९ साली सिंडिकेट बँकेचे शेअर घेतले होते, दहा रुपयांच्या भावानं. पुढे थोडे थोडे करून हजार झाले. का घेतले, तर पिग्मीची बँक म्हणून. त्यांच्या आईची पिग्मी तिथं होती. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि हजार शेअरच्या जागी १५८ दिसू लागले. ते वर्ष कोरोनाचं. मागाला काम नव्हतं, घरात बसून होते, आणि मोबाईलवर १५८ आकडा बघून त्यांना रात्रभर झोप आली नाही. कुणीतरी सांगितलं, तुमचे आठशे बेचाळीस शेअर सरकारनं खाल्ले. तसं काही नव्हतं. सिंडिकेटच्या १००० शेअरमागे कॅनराचे १५८ हे प्रमाण आधीच जाहीर झालं होतं, आणि कॅनराच्या एका शेअरचा भाव सिंडिकेटच्या एका शेअरच्या कितीतरी पट होता. पण हे त्यांना नीट सांगणारा माणूस वडगावात सापडला नाही. त्या काळजीत त्यांनी जे दिवस काढले ते मी डोळ्यांनी बघितले आहेत.

पुढे मे २०२४ मध्ये कॅनरा बँकेनं शेअरचे तुकडे केले, दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच. माझे १५८ चे ७९० झाले. आदल्या दिवशी भाव साडेपाचशेच्या आसपास होता, दुसऱ्या दिवशी सव्वाशेच्या आत. त्या सकाळी शिंपीमामा जोंधळ्याची पिशवी तिथंच टाकून आत आले.

“अक्का, कॅनरा पडूलालाय. ऐंशी टक्के गेला म्हणूलालेत सगळे. इकून टाक लवकर.”

मी त्यांना बसवलं. चारशे ग्रॅमची भाकरी चार तुकड्यांत मोडली तर भाकरी कमी होते काय, असं विचारलं. माझे आधी १५८ होते, आता किती दिसतात ते त्यांनाच मोबाईलवर बघायला लावलं. ७९० वाचल्यावर ते शांत झाले आणि लगेच म्हणाले, “मग तू पाचपट श्रीमंत झालीस की.” तेही खरं नव्हतं. दहा मिनिटांत एक माणूस आधी घाबरला आणि मग हरखला, आणि दोन्ही वेळा कारण एकच. बातमी इंग्रजीतून हिंदीत, हिंदीतून कानडीत, कानडीतून कुणाच्या तरी तोंडून आमच्यापर्यंत आली होती.

मीही यातून सुटलेली नाही. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागत होते. गिरणीत रेडिओ चालू होता. शेअरबाजाराचा निर्देशांक निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला, सरकारी बँकांचे शेअर त्याहून कितीतरी जास्त पडले. कट्ट्यावर दोन पक्ष पडले होते आणि दोघांच्याही आवाजाला धार होती. एक म्हणायचे आता सरकारी बँकांचं काही खरं नाही. मी दळण थांबवलं आणि एका सरकारी बँकेचे साठ शेअर विकून टाकले. तीन दिवसांत निफ्टीनं ती पडझड भरून काढली. त्या तीन दिवसांत त्या बँकेचं एकही कर्ज बुडालं नव्हतं, एकही शाखा बंद झाली नव्हती. मी राजकारणाची बातमी ऐकली आणि बँकेवर राग काढला.

बातमी बघू नये असं माझं म्हणणं नाही. बँकेला देशातल्या प्रत्येक गोष्टीचा वारा लागतो. पण तो कसा लागतो हे समजून घ्यावं लागतं. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देते तो दर, साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. आमच्याकडे याचे दोन परिणाम झाले. ठेवीचं व्याज उतरलं म्हणून पेन्शनर माणसं शेअरकडे वळली, आणि ‘व्याज उतरलं की बँकांची चांदी’ असं सगळे म्हणू लागले. पण रेपोला बांधलेल्या घरकर्जाचा दर बँकेला लगोलग उतरवावा लागतो, आणि जुन्या ठेवींना मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेलं जास्तीचं व्याज द्यावंच लागतं. म्हणजे मधले काही महिने बँकेच्या हातात राहणारा पैसा कमी होतो. पुढे ठेवी नव्या दरानं येतात आणि हिशेब सुधारतो. हे मला शिकवलं कन्नड शाळेच्या बाईंनी, कानडीतून. त्यांच्याकडे कर्नाटक बँकेचे शेअर आहेत. मंगळूरची, १९२४ सालची बँक. त्यांचे वडील तिथं खातेदार होते.

शिंपीमामांकडे बँक ऑफ महाराष्ट्रचे आहेत. का, तर पाटीवर महाराष्ट्र लिहिलं आहे. सीमाभागात राहणाऱ्या माणसाचं हे मन मला कळतं, माझे सासरे सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आले होते. पण २०१७ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं त्या बँकेवर सुधारणेसाठी निर्बंध घातले होते, २०१८ च्या मार्चला तिची बुडीत कर्जं शंभरात १९ च्या वर होती, २०१९ च्या जानेवारीत निर्बंध उठले आणि २०२५ च्या मार्चला तोच आकडा दोनच्या आत आला, यातलं मामांना काहीच ठाऊक नव्हतं. एवढी मोठी पडती आणि एवढी मोठी चढती त्यांच्या स्वतःच्या पैशाच्या बाबतीत घडून गेली. सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे मराठीत कुठं छापून आलं होतं काय?”

सीमाप्रश्नाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात काय झालं हे मामांना तोंडपाठ आहे. २००४ सालापासूनची प्रत्येक तारीख ते सांगतात, कारण ती आपल्या भाषेत, पहिल्या पानावर येते. बँकेचा निकाल येतो तो आतल्या पानावर दोन ओळी: नफा अमुक कोटी, वाढ तमुक टक्के. नफा वाचून शेअरवाल्याला काय कळणार?

बुडीत कर्जाचा आकडा मी कट्ट्यावर माझ्या उधारीच्या वहीवरून सांगते. बँकेत हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज एनपीए धरतात. माझ्या वहीत तीन महिने ज्याचं दळणाचं देणं आलं नाही त्याच्या नावापुढे मी फुली मारते, ते माझं एनपीए. त्यातलं किती येणार नाही हे मनाशी धरून मी तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवते, ती तरतूद. आता बारीक गोष्ट. मी चार फुल्यांची नावं वहीतून खोडून टाकली तर फुल्या कमी दिसतील, पण पैसे आले म्हणून नव्हे. बँकही जुनं कर्ज खात्यावरून काढून टाकते, वसुली चालू ठेवते, आणि शंभरातला आकडा उतरतो. दुसरं, नव्या गिऱ्हाईकांना भरपूर उधार दिलं तरी फुल्यांचं प्रमाण कमीच दिसणार, कारण नव्यांना थकायला अजून वेळ आहे. म्हणून आकडा उतरला की पहिला प्रश्न हा: वसुली झाली, खोडलं, की नवं वाटलं? देशातल्या बँकांची एकूण बुडीत कर्जं २०१८ साली शंभरात ११ च्या वर होती, २०२५ च्या मार्चला अडीचच्या आत आली. ही फार मोठी सुधारणा आहे, पण त्यात वसुली किती आणि खोडणं किती हे ज्याच्या त्याच्या बँकेपुरतं शेअरवाल्याला कळायला हवं.

एक गोष्ट थोडक्यात लिहिते. लेथवरच्या एका पोरानं बँक निफ्टीच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे बँकांच्या शेअरचा भाव चढणार की उतरणार यावर लावायच्या सौद्यात, मोटारसायकलचे पैसे घालवले. त्याला मी शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा आकडा दाखवला: २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत असा व्यवहार करणाऱ्या सामान्य माणसांपैकी शंभरात ९३ जणांचं नुकसान झालं. त्याला तो आधी कुणी दाखवला नव्हता. तो आता आठवडाभर रात्रपाळी करतो आहे.

आणखी एक. वडगाव, शहापूर, खासबाग इथल्या जुन्या ट्रंकांत अजून कागदी शेअर आहेत. मालक गेलेले, वारस पुण्या-मुंबईला. सात वर्षं डिव्हिडंड उचलला नाही तर तो सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो. कंपनी असलेल्या खासगी बँकांचे शेअरही जातात, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सरकारी बँकांचे न उचललेले शेअरही तिकडे पाठवण्याची तरतूद लागू झाली आहे. तिथं गेलेलं परत मागता येतं, पण त्यासाठी वारसाचे कागद जुळवावे लागतात. मला मालकांचे शेअर माझ्या नावावर करून घ्यायला अकरा महिने लागले, कारण खात्याला नॉमिनी लावला नव्हता. मृत्यूच्या दाखल्यात त्यांचं नाव एका तऱ्हेनं, पॅन कार्डावर दुसऱ्या. दाखला कानडीत, कार्ड इंग्रजीत, आणि जुन्या सर्टिफिकेटावर बेळगावचं स्पेलिंग २०१४ च्या आधीचं. अॅफिडेव्हिटसाठी कोर्टाच्या आवारात चार खेपा झाल्या. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते या आठवड्यात बाहेर काढावेत.

आता मागणं. बँकांचे निकाल वर्षातून चार वेळा येतात. त्या वेळी तुम्ही पाव पान द्यावं. आमच्याकडे लोकांकडे आहेत अशा आठ-दहा बँका घ्याव्यात आणि नफ्याशेजारी चारच गोष्टी मराठीत छापाव्यात: बुडीत कर्ज शंभरात किती, त्यातलं या तीन महिन्यांत किती वसूल झालं आणि किती खोडलं, चालू व बचत खात्यांतला पैसा एकूण ठेवींत किती, आणि बँकेचं स्वतःचं भांडवल किती. हे शेवटचं बँकेच्या कर्जांच्या जोखमीच्या मानानं किमान साडेअकरा टक्के लागतं, तेही शेजारी छापावं म्हणजे माणसाला ताडून बघता येईल. कुठला शेअर घ्या, कुठला विका, हे अजिबात छापू नका. ते सांगणारे मोबाईलवर भरपूर आहेत. सोबत ठळक अक्षरात एक ओळ दर वेळी असावी, की बँकेतल्या ठेवीला विमा आहे, बँकेच्या शेअरला नाही आणि सोसायटीतल्या ठेवीलाही नाही.

कन्नड शाळेच्या बाई म्हणाल्या, तुमच्या पेपरात आलं तर मी कानडीत उतरवून देते. त्यांच्या गल्लीलाही हवं आहे.

तुमचा अंक आमच्याकडे सकाळी सहाला येतो आणि मी सातला गिरणी सुरू करते. दळणाच्या दराच्या पाटीशेजारी भिंतीवर जागा रिकामी केली आहे, तिथं पूर्वी सोसायटीचं कॅलेंडर होतं. पुढच्या निकालाच्या महिन्यात कात्रण लावायला मी खळ करून ठेवते.

आपली वाचक,
एक गिरणीचालक, वडगाव, बेळगाव